हप्त्यावर उपकरणे घेऊन घरचे जेवण स्वस्त पडेल का?

आपले पत्र मिळाले. आपण व आपले यजमान दोघेही पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरी करता, दोघांचे मिळून 92,000 रुपये हातात येतात, त्यातले 31,000 गृहकर्जाच्या हप्त्यात जातात आणि घरी पोहोचायला साडेसात वाजत असल्याने दोन्ही मुलांच्या खाण्याची आबाळ होते, असे आपण लिहिले आहे. बाहेरच्या खाण्याचा महिन्याचा खर्च आपण नीट मांडून पाठवलात, हे फार बरे झाले: दोघांचे दुपारचे डबे 4,320, दहा वेळा मोबाईलवरून मागवलेले जेवण 6,200 आणि मुलांचा पाकीटबंद खाऊ 2,900, म्हणजे एकूण 13,420 रुपये. हा खर्च थांबवण्यासाठी एअर फ्रायर, ओव्हन, फूड प्रोसेसर आणि चपाती मशीन असा 58,000 रुपयांचा संच 12 ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर घ्यावा का, हा आपला प्रश्न आहे.

हेतू उत्तम आहे. मात्र ही खरेदी आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरच्या अन्नाचा हिशेब मांडताना आपण किराणा धरला आहे, पण कष्टांची किंमत शून्य धरली आहे. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईने रात्री कणीक मळायची आणि पहाटे उठून चार डबे भरायचे, हे गृहीत धरलेली कोणतीही बचत फार काळ टिकत नाही, आणि ती टिकावी असे मला वाटतही नाही. म्हणून मी हिशेबात पोळी-भाजीला येणाऱ्या मावशींचे 3,500 रुपये आधी धरतो. त्यात दोघांच्या 48 डब्यांचे सामान प्रत्येकी 35 रुपयांप्रमाणे 1,680, बाहेरून मागवणे दोन वेळांवर आणल्यास 1,240, उरलेल्या आठ संध्याकाळच्या जेवणांचे 1,200, घरच्या खाऊचे 1,200 आणि वाढीव गॅसचे 300 मिळवले, की बेरीज 9,120 होते. बचत राहते 4,300 रुपयांची. उपकरणांचा हप्ता मात्र 4,833 रुपये आहे, म्हणजे वर्षभर बचत तर नाहीच, उलट दरमहा पाचशेहून अधिक रुपये पदरचे घालावे लागतील.

शिवाय ‘बिनव्याजी’ या शब्दावर विसंबू नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते. व्याज बहुधा सवलतीच्या रूपाने किमतीतच जिरवलेले असते, हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि प्रक्रिया शुल्क बहुधा वेगळे आकारले जाते. आपली शिल्लक 70,000 रुपये आहे, तर महिन्याचा घरखर्च, गृहकर्ज धरून, 65,000. किमान तीन महिन्यांचा खर्च हाताशी नसताना नवा हप्ता गळ्यात घेणे मला धोक्याचे वाटते.

आता खाऊचे पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. आमच्या वाण्याकडच्या भावाने अर्धा किलो पातळ पोहे 40 रुपये, 100 ग्रॅम शेंगदाणे 15, थोडे डाळे 10, फोडणीचे तेल 16 आणि कढीपत्ता, मिरची, मीठ, साखर मिळून 10, अशा 91 रुपयांत सुमारे 700 ग्रॅम चिवडा होतो. पोहे मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत भाजले आणि चिवडा पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरला, तर तो पंधरवडाभर मऊ पडत नाही. आपण लिहिलेले 200 ग्रॅमचे पाकीट 60 रुपयांना येते. पाव किलो मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली, तर मोड आल्यावर दुपटीहून अधिक भरते. एका रात्री तिची उसळ आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर कांदा, लिंबू घालून मुलांची भेळ होते. नाचणीचे लाडू, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, कोथिंबिरीच्या वाफवलेल्या वड्या यांतल्या कशालाही आपल्याकडे असलेल्या कुकर, कढई आणि मिक्सरपलीकडे काही लागत नाही.

बाहेरून जेवण मागवाल तेव्हा ते नेमके का मागवले, हे पुढचे तीन महिने दिनदर्शिकेवर त्याच रात्री दोन शब्दांत लिहावे: ‘भाजी चिरलेली नव्हती’, ‘दोघेही दमलो होतो’. अशा नोंदींमधून कोणते उपकरण खरोखर उपयोगी पडेल हे दिसेल. माझा अंदाज असा, की चपाती मशीन त्यात येणार नाही. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी 4,300 रुपये आवर्ती ठेवीत आपोआप वळते करावेत. तीन महिन्यांत मुद्दलच 12,900 होईल. त्यातून एखादी वस्तू रोखीने घ्यायला माझी हरकत नाही, उरलेले पैसे संकटकाळासाठी राहू द्यावेत.

दुकानाची सवलत येत्या रविवारीच संपते, असे आपण लिहिले आहे. ती संपू द्यावी. त्या रविवारी ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धने आणि जिरे वेगवेगळे भाजून गिरणीतून दोन किलो भाजणी दळून आणावी आणि भाजायचे काम यजमानांनी करावे. दमून आलेल्या संध्याकाळी कांदा चिरून थालीपीठ लावायला आणि दही वाढायला अर्धा तास पुरतो.