एक एकर विकण्याआधी

प्रश्न : मुलीला सीईटीत ८४ पर्सेंटाइल आहेत. कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत पाचव्या पसंतीचं कॉलेज, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग लागलंय. एजंट म्हणतो, पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून) कॉम्प्युटर घ्या. मुलींना फी माफ आहे, आधी भरा, सरकार परत देतं. तीन एकरांतलं एक एकर विकायला काढलंय. तिला रोज त्याची जाणीव करून देतो, पण ती हल्ली बोलतच नाही. आम्ही ओबीसी, उत्पन्न दीड लाख. काय करावं?
– एक पालक, धाराशिव जिल्हा

उत्तर : दादा, पैशाचं नंतर बघू. ‘रोज जाणीव करून देतो’ हे वाचून मी थांबले. पोरीच्या ताटात भाकरीबरोबर तुम्ही रोज ते एक एकर वाढताय. उद्या पहिल्याच सेमिस्टरला विषय राहिला, तर ती घरी सांगेल? नाही सांगणार. अशी गप्प झालेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. केटी लागल्याचं दोन-दोन वर्षं घरात माहीत नसतं. आणि तिला स्वतःला काय शिकायचंय, याबद्दल तुमच्या अख्ख्या पत्रात एक ओळ नाही.

आता एजंटचं. तो धडधडीत खोटं बोलतोय. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. पण ही माफी कॅपमधून मिळालेल्या जागेलाच आहे. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेवर सरकार एक रुपयाही परत देत नाही. म्हणजे हातात आलेली माफी सोडून तुम्ही जमीन विकायला निघालात.

या माफीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज दरवर्षी करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता हे कागद आत्ताच जमवा. मेस आणि खोलीभाडं माफीत येत नाही. त्यासाठी ओबीसी मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर तिथे अर्ज करा. तरीही कमी पडलं, तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. जमिनीला हात लावायचं कारण नाही.

इसार घेतला असेल तर परत करा, आणि ते तिच्या कानावर घाला. मग विचारा, इलेक्ट्रिकल चालेल का? ती लगेच बोलणार नाही, थांबा. नको म्हणाली, तर पुढच्या फेरीचा ऑप्शन फॉर्म तिच्याशेजारी बसून भरा. पसंतीक्रम मात्र तिलाच लावू द्या.