दोन कासवं आहेत, सोबतीला तिसरं आणू का?

दोन हर्मन कासवं (दक्षिण युरोपातली, जमिनीवर राहणारी जात) बाहेरच्या कुंपणात एकत्र आहेत, त्यांना सोबत म्हणून रशियन कासव (मध्य आशियातली वेगळी जात) आणलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: आणू नका. आणि आहेत त्या दोघांकडेही जरा नीट लक्ष द्या.

जमिनीवरच्या कासवांना सोबतीची गरज नसते. रानात दोघं भिडली तर हरलेलं निघून जातं. कुंपणात ते जाणार कुठे? म्हणून दोनची जोडी सगळ्यात वाईट. दांडगाई करणाऱ्याचा सगळा रोख एकाच जिवावर राहतो. धडका, पायाला चावे दिसले तर निदान कळतं तरी. बरेचदा मोठं कासव खाण्याला आडवं येऊन नुसतं बसून राहतं, स्वतः खातही नाही, आणि धाकटं मान आत ओढून लांब थांबतं. चिकटून झोपली की लोकांना प्रेम वाटतं, पण बहुधा दोघांनाही तोच उबदार कोपरा हवा असतो. दर आठवड्याला दोघांचं वजन करून लिहून ठेवा. एकाचं वाढतंय आणि दुसऱ्याचं अडलंय असं दिसलं तर लगेच वेगळं करा.

नर की मादी हे माहीत आहे का? नराची शेपूट लांब आणि जाड असते, पोटाकडचं कवच आत दबलेलं असतं. पिल्लांमध्ये मात्र हे ओळखता येत नाही. दोन नर एकत्र नकोतच. एक नर आणि एक मादी हेही मादीच्या जिवावर बेततं, कारण हर्मन नर दिवसदिवस तिचा पिच्छा सोडत नाही. ठेवायचीच तर नुसत्या माद्या, नाहीतर ऐसपैस जागेत एका नरामागे तीन-चार माद्या.

रशियन नको म्हणतोय ते मुख्यतः रोगांमुळे. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या अंगात हर्पिसचा विषाणू किंवा मायकोप्लाझ्मा (श्वसनाचा आजार करणारा जिवाणू) असू शकतो, आणि हर्पिस हर्मनच्या जिवावर उठतो. त्याच जातीचं नवं कासव आणलं तरी किमान सहा महिने वेगळं ठेवा, भांडीही वेगळी, आणि त्याला हात लावल्यावर हात धुवा.

कुंपणात झुडपं, दगड, मातीचे उंचवटे असे ठेवा की एकाला दुसरं सतत दिसणार नाही. खाणं, पाणी, निवारा आणि उन्हाची जागा, सगळं एकाहून जास्त ठिकाणी हवं. भिंत आरपार दिसणारी नको, नाहीतर कासवं दिवसभर तिथेच डोकं घासत फिरतात. भिंत जमिनीत फूटभर खोल न्या, वरचा काठ आत वळवा; ही जात चढण्यात पटाईत आहे. भांडणात उलटलेलं कासव कडक उन्हात फार वेळ तग धरत नाही, म्हणून दुपारी एक फेरी माराच.

आणि दुसरं कुंपण आत्ताच बांधून ठेवा. भांडण जुंपल्यावर बांधायला घेतलं तर तोवर मार खाणाऱ्याला ठेवणार कुठे?