तळमजल्याच्या फ्लॅटबरोबर बाग विकता येते का?

वरुडहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. सहा फ्लॅटची इमारत, तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या, पुढे आणि बाजूला मिळून सात-आठशे चौरस फुटांची बाग. फ्लॅट २००९ साली घेतला, बाग त्यांनीच लावली, कुंपणही त्यांनीच घातलं. आता मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून फ्लॅट विकायला काढला. दोन लाख इसार घेतला आणि इसारचिठ्ठीत ‘बागेसह मालकी हक्काने’ असं लिहून दिलं. त्यावर वरच्या मजल्यावरच्यांनी हरकत घेतली. ताई विचारतात, इतकी वर्षं ताबा माझा, मग बाग माझी नाही का?

ताई, ताब्याचा मुद्दा आधी सोडा. बारा वर्षं वापरली की जागा आपली, ही समजूत मला दर महिन्याला कोणीतरी ऐकवतं. सामाईक मालकांपैकी एकाचा ताबा हा कायद्याने सगळ्यांच्या वतीने धरला जातो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना बाहेर ठेवलं, हे सिद्ध झालं तरच पुढचं बोलणं. तुम्ही तर वरच्यांना बोअरच्या मोटरसाठी फाटकाची किल्ली देत आलात, असं तुम्हीच लिहिलं आहे.

खरा निकाल घोषणापत्रात आहे, म्हणजे इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणताना नोंदवलेल्या दस्तात. तुमचा दस्त ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ आहे, म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० लागू. त्या कायद्यात सामाईक जागा कोणत्या हे सांगताना अंगण, बाग, पार्किंग यांची नावंच घेतलेली आहेत. घोषणापत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर बाग सहाही फ्लॅटची. वेगळं लिहिलेलं म्हणजे काय, तर ही मोकळी जागा ‘मर्यादित सामाईक’ असून अमुक फ्लॅटच्या वापरासाठी राखीव आहे, असं स्पष्ट वाक्य. ते वाक्य आहे की नाही, एवढ्यावर तुमचं सगळं अडलं आहे. आणि तुम्ही मला दस्ताच्या पानांचे चौदा फोटो पाठवलेत, पण घोषणापत्राचा एकही नाही! फ्लॅट घेताना बिल्डरने दाखवलं नाही हे मी समजू शकतो. त्यानंतर इतक्या वर्षांत दुय्यम निबंधक कार्यालयातून एक नक्कल काढायला तुम्हाला वेळ झाला नाही, हे मात्र मला पटत नाही. शेकडो मुलांची प्रगतिपुस्तकं ओळ न ओळ तपासणाऱ्या बाई तुम्ही.

तुमच्या दस्तात सातव्या पानावर ‘लगतची मोकळी जागा सदनिकाधारकाने वापरावी’ अशी ओळ आहे. तिच्यावर फार विसंबू नका. बिल्डरने एकट्या तुम्हाला लिहून दिलेलं वाक्य बाकीच्या पाच जणांवर बंधनकारक ठरेलच असं मी सांगू शकत नाही. घोषणापत्रात त्याला जोड असेल तर ते भक्कम, नसेल तर कच्चं.

आता जास्त महत्त्वाचं. घोषणापत्रात ते वाक्य सापडलं तरीही तुमच्याकडे फक्त वापराचा हक्क येतो. जमीन सामाईकच राहते, तिचं वाटप मागता येत नाही आणि फ्लॅटपासून वेगळी करून ती विकता येत नाही. म्हणजे इसारचिठ्ठीतले ‘मालकी हक्काने’ हे शब्द दोन्ही बाजूंनी चुकीचे आहेत. ‘फार तर इसार दुप्पट परत करीन’ असं तुम्ही म्हणता, पण तेवढ्याने सुटका होईल असं धरून चालू नका. खरेदीदार करारपूर्तीचा दावा लावू शकतो. बागेपुरती किंमत कमी करून फ्लॅट द्या, असंही तो मागू शकतो. कोर्ट काय देईल ते सांगत नाही. तालुक्याच्या कोर्टात अशा दाव्याला किती वर्षं लागतात, ते तुमच्या ओळखीतल्या कोणाही पक्षकाराला विचारा. कोर्टाने नेमलेला कमिशनर येऊन जागा मोजेपर्यंतच तुमचा पुण्याचा बेत मोडलेला असेल.

खरेदीखताच्या मुदतीला सात आठवडे आहेत. या आठवड्यातच इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्तांची सूची) शोधून घोषणापत्राची नक्कल काढा, सोबतचा नकाशाही घ्या. वाक्य असेल तर खरेदीदाराशी पुरवणी करार करा: फ्लॅट, सामाईक जमिनीतला त्याचा अविभक्त (न वाटलेला) हिस्सा आणि बागेच्या राखीव वापराचा हक्क. वाक्य नसेल तर फ्लॅट आणि हिस्सा एवढंच लिहा, बागेच्या नावाने वाढवलेली रक्कम कमी करा. पाचही शेजारी राजी असतील तर सगळ्यांच्या सहीने घोषणापत्राची दुरुस्ती नोंदवता येते. एकजण अडला तरी ते होणार नाही, आणि अडेल असं मला वाटतं.

कारण तुम्ही पाठवलेल्या बागेच्या फोटोत दिसतंय. लिंबाच्या आळ्याला लागून, अबोलीच्या वाफ्यात, सिमेंटचं चौकोनी झाकण आहे, लोखंडी कडीचं. ती सहा घरांची सेप्टिक टँक. ती उपसायला गाडीचा पाइप तुमच्याच फाटकातून आत येतो. हे झाकण ज्या जागेत आहे ती एकाच घराला तोडून द्यायला वरचे कशाला सही करतील? सुनेच्या हातून लावलेलं पारिजातक सोडून जाताना तुम्हाला काय वाटत असेल ते कळतं. म्हणूनच सांगतो, गिऱ्हाईक पुन्हा बघायला येईल तेव्हा अबोली बाजूला करून ते झाकण त्याला आधी दाखवा आणि किल्ली कोणाकोणाकडे असते तेही सांगा.