निन्टेंडोच्या स्विच २ वर (हातात धरूनही खेळता येतो तो गेमिंग कन्सोल) बाहेरच्या कंपन्यांचे मोठे गेम्स नीट चालतात का? की ‘लेकरांचं खेळणं’ सोडून सरळ सोनीचा टीव्हीला जोडायचा पीएस ५ घ्यावा?

चालतात. पण ‘लेकरांचं खेळणं’ हे तुम्ही प्रश्नातच टाकलंय, त्याचं आधी बघू. आमचे दाजी हेच दर दिवाळीला ऐकवतात.

दाजी पुण्याचे, आम्ही जिंतूरकडचे. एका दिवाळीत भाच्याच्या हट्टापायी ते पीएस ४ गाडीत घालून घेऊन आले. पाडव्याला दुपारी गावातली डीपी जळाली. सणाचे दिवस, वायरमनचा फोन बंद. टीव्ही गप्प, पीएस ४ गप्प. मी ओसरीत बसून पहिल्या स्विचवर विचर ३ हा मोठा गेम खेळत होतो. दाजी मागून डोकावले. “पाहुणे, हा खरा विचर हाय का?” खराच आहे म्हटलं. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, “झाडं धुरकट दिसायलीत.” भाचा मात्र फराळालाही उठेना.

झाडं धुरकट होतीच. पहिल्या स्विचला मेमरी (रॅम) ४ जीबी, पीएस ४ ला ८, आणि बॅटरीवर चालायचं म्हणून चिपही हात राखून पळवलेली. हातात धरून खेळताना चित्र ५४०पीवर, म्हणजे कमी स्पष्टतेवर येतं. तरी सेबर इंटरॅक्टिव्ह या कंपनीनं २०१९ मध्ये तो अख्खा गेम, दोन्ही एक्सपान्शनसकट (नंतर आलेले जोडभाग), ३२ जीबीच्या एका कार्ट्रिजमध्ये बसवला. पॅनिक बटन या कंपनीनं डूम हा गेम तर २०१७ लाच स्विचवर आणला होता. हे दाजींना सांगितलं तर म्हणे, “मग जीटीए ५ कुठंय?”

पहिल्या स्विचवर नाही आला. कॉल ऑफ ड्यूटी नाही, एल्डन रिंगही नाही. फिफा यायचा, पण काही वर्षं ‘लेगसी एडिशन’ नावानं: जुनाच खेळ, नव्या जर्सी. काही गेम्स नुसते ‘क्लाउड व्हर्जन’, म्हणजे गेम भलत्याच ठिकाणी चालणार आणि आपल्याकडं नेटवरून चित्र येणार. आमच्याकडं रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं.

स्विच २ मध्ये मेमरी १२ जीबी आणि डीएलएसएस (कमी स्पष्ट चित्र एआयनं स्पष्ट करणारं तंत्र) आहे, त्यामुळं धुरकटपणाचं रडगाणं बरंच कमी झालं. सायबरपंक २०७७ पहिल्याच दिवशी, ५ जून २०२५ ला आला, आणि पूर्ण गेम ६४ जीबीच्या कार्ट्रिजवर. पण बाहेरच्या बऱ्याच कंपन्या ‘गेम-की कार्ड’ विकतात. त्यात गेम नसतो, नुसती किल्ली असते. गेम डाउनलोडच करावा लागतो. डब्यावर खाली तसं छापलेलं असतं, घेताना वाचा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हा धंदा करू नका.

संभाजीनगरला फ्लॅट, फायबर, इन्व्हर्टर असं सगळं असेल आणि जीटीए ६ साठीच जीव अडकला असेल तर पीएस ५ घ्या. तो पीएस ५ आणि एक्सबॉक्ससाठीच जाहीर झालाय. बाकी एसटीत, शेतावर, लाईट गेल्यावर खेळणाऱ्यानं स्विच २ घ्यावा. डब्याला वायर लावून टीव्हीसमोर बसला म्हणजे माणूस मोठा होत नाही, दाजी.

हां, एक राहिलं. स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आलेलाच नाही. दुकानदार बाहेरून आणतात, वॉरंटी त्यांच्या तोंडाची. पक्कं बिल घ्या. आणि जुन्या स्विचचं मेमरी कार्ड स्विच २ मध्ये गेम ठेवायला चालत नाही, मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं. तो खर्च आधीच धरा.