तारीख हलवायची नाही

बाळा,

रविवारी तालीम संपल्यावर तू जिन्यावर बसून राहिलीस, हातातला चहा पार गार झाला, तेव्हाच ओळखलं की रात्री तुझा निरोप येणार. आला. ‘मावशी, सौभद्राचा प्रयोग दीड महिना पुढे घेऊ का? सुभद्रा नोकरीसाठी बंगळुरूला चालली, अर्जुनाचा घसा बसलाय, दुसरा अंक अजून उभाच राहिलेला नाही.’ मी ‘पत्र लिहिते’ एवढंच कळवलं. फोन केला असता तर मी रागावले असते, तू रडली असतीस, आणि शेवटी दोघींनी मिळून प्रयोग पुढे ढकलला असता.

उत्तर आधीच सांगून टाकते. तारीख हलवायची नाही.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस वगैरे लिहीत बसत नाही. तसं वाटलं नसतं तर या गुडघ्यांनी रिक्षा करून आठवड्यातून तीनदा तुमच्या तालमीला आले नसते.

आता दीड महिना म्हणजे नक्की काय, ते भिंतीवरचं कालनिर्णय काढून बघ. २४ जानेवारीनंतर दीड महिना म्हणजे मार्च. तुझ्या कोरसमधल्या दोघी बारावीला आहेत, त्यांच्या आया त्यांना सोडणार नाहीत. मग होळी, मग रंगपंचमीची गेर, म्हणजे ती रंग उधळणारी मिरवणूक. त्या दिवशी राजवाड्याकडे फिरकायची सोय नाही, आणि आदल्या-नंतरच्या चार दिवसांत आपल्या इंदुरात कुणी कामाचं बोलत नाही. मग लग्नसराई: हॉल मिळणार नाही, मिळाला तर तबलजी मिळणार नाही, कारण तो वरातीत असेल. मे महिन्यात पोरं आजोळी. जूनमध्ये कंपन्यांच्या बदल्या. मग पाऊस, मग गणपती, आणि गणपतीत प्रत्येक मंडळाला आपापली एकांकिका. तुला वाटतंय तू दीड महिना मागते आहेस. तू वर्ष मागते आहेस, आणि वर्षभर कुणी सुभद्रेचे संवाद पाठ ठेवत नाही.

तयारी पूर्ण झाली की करू, असं तू म्हणालीस. कुणाची झाली होती गं तयारी पूर्ण? तू ज्यांचं नाटक करते आहेस त्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’ लावलं, तेव्हा सातांपैकी चारच अंक होते. सबंध नाटक लोकांनी पाहिलं ते पुढच्या वर्षी. आणि तुझं ‘सौभद्र’? १८८२ च्या नोव्हेंबरात त्याचेही तीनच अंक रंगभूमीवर आले, पाचही झाले ते १८८३ मध्ये. सरकारी नोकरी करणारा माणूस. त्याने ‘अजून दोन अंक राहिलेत’ म्हणून पडदा खाली ठेवला असता तर आज तू आणि मी ऑर्गनच्या पट्टीवरून भांडत नसतो. तुझ्याकडे तर पाचही अंक लिहिलेले, छापलेले, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोकांनी तपासलेले आहेत. फक्त दुसरा उभा नाही. मग उभा कर. बावीस दिवस आहेत.

आता माझं सांगते. हे मी तालमीत कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की पोरं मला बिचारी समजायला लागतात.

१९८६ साली आम्ही ‘संशयकल्लोळ’ बसवलं होतं. दिग्दर्शन माझं आणि रेवतीही मीच, म्हणजे मूर्खपणाच. चार महिने तालमी. ऑर्गनवर एक म्हातारे मास्तर होते, सत्तरीच्या पुढचे. पाय भात्यावर असे चालायचे की वाटावं कुणी झोपलेल्या पोराला थोपटतंय. आमचा अश्विनशेठ बँकेत होता. प्रयोगाच्या आठवड्यात त्याच्या शाखेत ऑडिट लागलं. तो म्हणाला, तीन आठवडे थांबू. मी म्हटलं, थांबू. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. माझी दोन पदं कच्ची होती. मास्तर काही बोलले नाहीत. ऑर्गनचं झाकण लावलं, त्यावर तो हिरवा कपडा घातला, चारही टोकं नीट ओढली. मी त्याला होकार समजले.

तीन आठवड्यांनी कृत्तिकेच्या घरी सुतक. मग फाल्गुनरावाची बदली उज्जैनला. श्रावणात मास्तर नळापाशी घसरले आणि उजवं मनगट मोडलं. ते जुळलं, पण बोटं काही परत आली नाहीत. ‘संशयकल्लोळ’चा तो प्रयोग झाला नाही. माझी वही अजून कपाटात आहे. कुठलं पद गाळायचं, कुठे मास्तरांकडे बघून थांबायचं, सगळं लाल पेन्सिलीने लिहिलेलं. ‘इथे मास्तर एक आवर्तन जास्त घेतात’ असंही आहे एका पानावर. ते आवर्तन आमच्या तालमीतल्या नऊ माणसांनी ऐकलं, आणि त्यातले चौघे आता नाहीत.

म्हणून म्हणते, तारीख हलवायची नाही.

तेव्हापासून मी हलवली नाही. लोक म्हणतात हेकट आहे. आहे. १९९१ मध्ये रवींद्र नाट्यगृहात ‘शारदा’ होतं, मी इंदिराकाकू, म्हणजे शारदेची आई. त्या दिवशी दुपारी माझ्या मुलाला १०२ ताप. चार वर्षांचा होता. मी कपाळावर पट्टी ठेवली, सासूबाईंना औषधाच्या वेळा सांगितल्या आणि साडीची पिशवी घेऊन निघाले. तुला बालगंधर्वांची गोष्ट माहीत असेलच. १२ मार्च १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली आणि तरीही त्यांनी भामिनी उभी केली. माझ्या पिढीला ही गोष्ट दुधाबरोबर पाजलेली आहे. रिक्षात मी तीच मनाशी घोकत होते. आता वाटतं, तसली गोष्ट पोरांना सांगूच नये. पण तेव्हा आधाराला दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या अंकानंतर मॅनेजरच्या खोलीतून घरी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, ‘उतरलाय थोडा. तू कर तुझं.’ उतरला नव्हता. चढला होता. माझं नाटक ज्यांना एकही दिवस आवडलं नाही त्या बाईने, मी पुढचा अंक नीट करावा म्हणून, माझ्याशी खोटं बोलावं! हे मला त्यांच्या तेराव्यानंतर नणंदेकडून कळलं.

मुलगा आता पुण्यात असतो. अजून म्हणतो, ‘आईची तिसरी घंटा झाली की आम्ही असलो काय, नसलो काय.’ हसत म्हणतो. मी चुकले का? नाही. बाहेर चारशे माणसं बसली होती, शारदेची भूमिका करणारी पोर विंगेत थरथरत होती, तिला आईची गरज होती. घरी पोराजवळ आजी होती, समोर डॉक्टर राहत होते. मी काय ताप उतरवणार होते? नाही चुकले. ही गोष्ट तुला सांगायची काही गरज नव्हती खरं तर, तुझ्या घरी कुणी आजारी नाही. असो.

कामाचं बोलू.

सुभद्रा गेली, जाऊ दे. तुझ्याकडे सुभद्रा आहे आणि तू तिच्याकडे बघत नाहीस. कोरसमध्ये डावीकडे झांज धरून बसणारी, सुदामा नगरहून स्कूटीवर येणारी ती. तिला सगळी पदं येतात. ओठ हलतात तिचे प्रत्येक पदाला, मी तीन आठवडे बघते आहे. तिचा आवाज काळी पाचात ओरडतो, म्हणून तू तिला मागे बसवलंस. मग पट्टी उतरव की. काळी चार कर. ऑर्गनवाला कुरकुर करेल, त्याची बोटं काळी पाचाला बसली आहेत. करू दे, दोन दिवसांत बसतील. आणि तिचा ‘ळ’ तेवढा धर. ती ‘बळराम’ म्हणेल की ‘बलराम’ याने काही बिघडत नाही, दोन्ही चालतं. पण ‘काळ’चा ‘काल’ केला की वाक्य मरतं. तुम्हा इंदूरच्या पोरांचा हा जुना रोग आहे. माझ्या मुलाचाही होता. रोज तालमीआधी दहा मिनिटं जीभ उलटी वळवून कावळा, वावळ, पिवळं, जांभळं म्हणायला लाव, हसली तरी.

अर्जुनाला तीन दिवस गप्प बसव. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्याने घसा जास्त बिघडतो. तालमीला मात्र आला पाहिजे. चालावं, बसावं, त्याचे संवाद तू म्हण.

आणि पदं कमी कर. मूळ ‘सौभद्रा’त शंभराच्या वर पदं आहेत, तेव्हा नाटक रात्रभर चालायचं. तू अठ्ठावीस ठेवली आहेस आणि हॉल तुला साडेतीन तास मिळालाय. त्यात मध्यंतर, त्यात पाहुण्यांचा सत्कार, त्यात आपले लोक पहिल्या घंटेला पार्किंगमध्ये असतात. एकोणीसवर आण. दुसऱ्या अंकातली सहा तर आजच काढ, तो अंक निम्मा तिथेच उभा राहील. ‘वद जाऊ कुणाला शरण’ मात्र पूर्ण ठेव. तिथे घाई केलेली मला चालणार नाही.

पडद्यावर पैसे घालू नकोस. शालू कुणाच्या तरी आजीकडे मिळतात, लोकमान्य नगरात दोन जिने चढलीस की चार जरीकाठ हातात येतील. पैसा माईकवाल्याला दे.

आणखी एक. तू म्हणालीस, गेल्या महिन्यात सानंद संस्थेच्या कार्यक्रमात पाहिलेल्या नाटकापुढे आपलं फारच हौशी दिसेल. दिसेल. मीही सभासद आहे, पुण्या-मुंबईची ती नाटकं मी कधी चुकवत नाही. ती मंडळी तेच नाटक शंभर वेळा करून इथे येतात. तुझा हा पहिला प्रयोग आहे आणि बहुधा शेवटचाही. बाबा डिक्यांच्या नाट्यभारती संस्थेपासून या गावात दिवसा कचेरी आणि रात्री तालीम करणारी माणसं आहेत, त्यांना हौशीच म्हणत होते. प्रेक्षकांत तुझ्या काकवा, ऑफिसातली हिंदी मंडळी, झांजवालीचे आईवडील असणार. त्यांची मुलगी सुभद्रा झालेली त्यांना बघायची आहे, आणि ती २४ तारखेला बघायची आहे, कारण तिच्या बाबांनी रजा टाकली आहे. तुला हे माहीत होतं? मला तिनेच सांगितलं. कोरसमधली लेकीची झांज ऐकण्यासाठी त्या माणसाने रजा टाकली आहे.

उद्या सहाला येते. मी येण्याआधी त्या मुलीला तू स्वतः फोन कर, ग्रुपवर टाकू नकोस. ऑर्गनवाल्याला पट्टीचं मी सांगते, माझ्यावर तो कमी चिडतो. आणि छापखान्यातून पत्रिका अजून आणलेल्या नाहीस, तारखेची जागा मोकळी ठेव म्हणाली होतीस म्हणे त्यांना. सकाळी दुकान उघडताच जा आणि ती भरून घे. येताना छप्पन दुकानवरून काही खायला आण, तालमीत पोरं उपाशी असतात.

तुझी,
मावशी