बाटली की ओव्हरहॉल, ते नंतर; आधी १२ मे

पवनी तालुक्यातल्या (जि. भंडारा) एका वाचकाने गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर पर्यटकांना फिरवायला जुनी टू-स्ट्रोक वॉटर स्कूटर घेतली. ती अडखळू लागली म्हणून नागपूरच्या एका मिस्त्रीकडे टाकली. त्याने ‘कार्बोरेटर ओव्हरहॉल’ (इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग पूर्ण खोलून दुरुस्त करणं) लिहून ९,५०० रुपयांचं बिल दिलं, तारीख १२ मे २०२४. २६ मेला भर पाण्यात इंजिन जाम झालं. पुढे मिस्त्रीच्याच पोऱ्याकडून कळलं की कार्बोरेटर खोललाच नव्हता, टाकीत क्लीनरची एक बाटली रिचवली होती. मिस्त्रीचं म्हणणं, ‘आजकाल पेट्रोलच तसं येते भाऊ, बाटली टाकली की काम होऊन जाते.’ वाचक विचारतात, बाटलीने काम होत नाही हे कोर्टात सिद्ध कसं करायचं?

थ्रेशर, फवारणी पंप, ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप, असल्या तक्रारींची पत्रं मला दर हंगामात येतात. मशीन तेवढी बदलते. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात खरी अडचण शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलेली असते. या पत्रात ती अशी आहे: ‘सप्टेंबर २०२४ मध्ये वकिलामार्फत नोटीस पाठवली, तो दिवाळीनंतर बघतो म्हणाला, म्हणून थांबलो.’

कोणती दिवाळी, भाऊ? मधे दोन होऊन गेल्या.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या कोर्टात, तक्रार दाखल झाली पाहिजे. नोटीस दिल्याने ही मुदत वाढत नाही. आश्वासनाने वाढत नाही. व्हॉट्सअॅपवरच्या ‘बघतो’ने तर नाहीच. मुदत इंजिन जाम झाल्यापासून, म्हणजे २६ मेपासून मोजावी असं म्हणता येईल, आणि फसवणूक कळली त्या दिवसापासून मोजावी असाही युक्तिवाद आहे. पण मी तुमच्या जागी असतो तर बिलाची तारीख धरून चाललो असतो. जो वाद टाळता येतो तो कशाला ओढवून घ्यायचा? तुमचं पत्र एप्रिल २०२६ च्या पहिल्या आठवड्यात आलं. म्हणजे १२ मेच्या आत तक्रार दाखल करायला हातात पाच आठवडे आहेत, आणि त्यातले काही दिवस कागद गोळा करण्यातच जातील.

उशीर माफ करण्याची सोय त्याच कलमात आहे. पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला माफीची कारणं लेखी नोंदवावी लागतात. ‘मिस्त्रीवर विश्वास ठेवला’ हे पुरेसं कारण ठरेल, यावर मी माझ्या खिशातले दहा रुपये लावणार नाही.

तक्रार भंडारा जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते. मिस्त्री नागपूरचा असला तरी तुम्ही जिथे राहता तिथे दाखल करायची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. मोबदला, म्हणजे तुम्ही सेवेसाठी दिलेली रक्कम, पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. पेट्रोलपंपावर लुना-राजदूतमध्ये टू-टी ऑइल मापून टाकून घेतलेल्या पिढीला हे लवकर समजेल. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलसोबतच इंजिनात जातं. ज्या मशीनमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, तिथे कार्बोरेटरातून पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी जातं. पिस्टन तापतो, ओरखडतो आणि धरतो. तुमचं मशीन तसं आहे की त्याला ऑइलचा वेगळा पंप आहे, ते पत्रात लिहिलेलं नाही. ते सांगा. अशा स्कूटरच्या कार्बोरेटरात बहुधा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा गोळा) नसतो, रबरी डायफ्राम (पडदा) असतो, कारण पाण्यावर मशीन कलंडतं. जेटमध्ये (पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात) जुन्या पेट्रोलचा पातळ चिकटा बसला असेल तर बाटलीने तो थोडाफार सुटतो, हे मान्य. पण कडक झालेला डायफ्राम, झिजलेली सुई, आतली तुंबलेली जाळी यांचं बाटली काही करू शकत नाही. त्यासाठी कार्बोरेटर खोलून किट बदलावं लागतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं, त्यामुळे मिस्त्रीची पेट्रोलची तक्रार अगदीच खोटी नाही. पण पेट्रोल खराब होतं असं त्यालाच वाटत होतं, तर ते तेव्हाच सांगून टाकी रिकामी करायची होती.

आणि हा सगळा तांत्रिक काथ्याकूट तुम्हाला तितकासा लागणारच नाही. बाटली चांगली की वाईट हे आयोगापुढे ठरवत बसू नका. बिलावर ‘ओव्हरहॉल’ लिहिलंय आणि ओव्हरहॉल झाला नाही, एवढंच धरून ठेवा. जाणूनबुजून माहिती दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे, असं कलम २(११) स्पष्ट म्हणतं.

पुरावा म्हणजे तो कार्बोरेटर. तो अजून कोणी खोलला नसेल तर हात लावू नका. स्क्रूंवरचा न हललेला गंज आणि आतलं जुनं रबर तुमच्या बाजूने बोलतील. आधीच कोणाकडून खोलून घेतला असेल तर मला खरं सांगा, मग केस वेगळ्या पद्धतीने उभी करावी लागेल. खोलताना दुसऱ्या जाणकार मिस्त्रीला बसवा, सुरुवातीपासून व्हिडिओ घ्या आणि त्या जाणकाराचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. पोऱ्या साक्षीला येईल असं मी गृहीत धरत नाही. त्याचं पोट त्याच गॅरेजवर आहे.

समोरचा वकील पहिली हरकत घेईल ती ‘तुम्ही ग्राहकच नाही, हा धंदा आहे’ अशी. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. स्वतः ऑटोरिक्षा चालवणारा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात सांगितलं. अडचण अशी की २०१९ च्या कायद्यातलं हे स्पष्टीकरण वस्तूंबद्दल बोलतं आणि तुमची तक्रार दुरुस्तीची, म्हणजे सेवेची आहे. मला वाटतं हा मुद्दा पटवता येईल, पण खात्री देत नाही. स्कूटर तुम्ही स्वतः चालवता की पोट्टे ठेवलेत, यावर बरंच अवलंबून राहील. बुडालेल्या हंगामाची भरपाई मागायची असेल तर जलाशयावर फेऱ्या मारायची परवानगी तुमच्याकडे होती का, हेही विचारलं जाईल. पत्रात त्याचा उल्लेख नाही. परवानगी नसेल तर ती मागणी सोडा. दुरुस्तीचा खर्च आणि बिलाची रक्कम मागा.

निकाल कधी? कायद्यात वस्तूच्या तपासणीची गरज नसेल तर तीन महिने आणि असेल तर पाच, असं लिहिलेलं आहे. आयोगाच्या बाकावर बसलेल्या कोणालाही विचारा, तो हसेल. समोरच्याला मात्र उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. पंचेचाळिसावा दिवस कॅलेंडरवर खुणेने मांडून ठेवा.

कार्बोरेटर खोलण्याच्या दिवशी हजर राहा, असं त्या मिस्त्रीला लेखी कळवा, फोनवर नको. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती बिलाला टाचून ठेवा. तो येवो न येवो, खोलण्याचं काम एप्रिल संपायच्या आत उरका.