घरात, गल्लीत फोटो काढायला पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) कोणती?

सगळे म्हणतील पन्नासची (५० मिमी) घे, स्वस्त आणि मस्त. तुझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा आहे, म्हणून मी नको म्हणेन. त्यावर ५० मिमी लेन्स फुल-फ्रेमवरच्या ७५-८० सारखी वागते, म्हणजे दृश्य कमी मावतं. दहा फुटी खोलीत भिंतीला पाठ टेकवून कॅमेरा उभा धरलास, तरी समोर उभ्या आजी पायापर्यंत मावणार नाहीत. २४ मिमीमध्ये त्याच जागेवरून आजी, देव्हारा, सगळं येतं.

चाळीच्या गॅलरीत, भुलेश्वरच्या गल्लीत मागे सरकायला जागाच नसते. म्हणून माझं मत २४ ला. कॅननची २४ एफ/२.८ तर एवढी चपटी आहे की झोळीत सहज मावते आणि १६ सेंटीमीटरवरूनही फोकस करते. वाटीतला मोदक टिपायला फार छान. एक सांभाळ: चेहरा फ्रेमच्या कडेला नेऊ नकोस, ताणल्यासारखा दिसतो.

एफ/१.८ नाही, म्हणजे ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं भोक) तेवढं मोठं उघडत नाही, म्हणून हळहळू नकोस. चार माणसं पुढे-मागे बसली की सगळे चेहरे स्पष्ट यायला ॲपर्चर लहान करावंच लागतं. ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेव, नाहीतर फोटोत पट्टे येतात.

आणि हो, पैसे घालण्याआधी १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम) २४ वर ठेवून आठवडाभर झूमला हात लावू नकोस. सारखं जवळ ओढावंसं वाटलं, तर तुला ३५ हवी. मग फोर्टातल्या दुकानात जाऊन दोन्ही लावून बघ.